लघवी भरपूर होतेय, मग किडनी बिघडली कशी? वाढलेलं कॅल्शियम आणि शरीरातलं पाणी

ताई, तुमचा प्रश्न आणि सोबतचे रिपोर्ट नीट वाचले. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. आईचं वय 68. गुडघे दुखतात म्हणून गेल्या चार-पाच महिन्यांत त्यांनी ड जीवनसत्त्वाची, घरच्या भाषेत ‘ताकदीची’, इंजेक्शनं घेतली. किती घेतली ते त्यांना आठवत नाही, पण चार तरी असावीत. जोडीला रोज कॅल्शियमची गोळी. दोन महिन्यांपासून भूक मेली आहे, पोट साफ होत नाही, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठावं लागतं, आणि आठवडाभरात बोलता बोलता विसरायला लागल्या आहेत. कॅल्शियम 14.1, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी गाळायला लागली की रक्तात वाढणारा कचरा, 2.7 (गेल्या वर्षी 0.9 होतं), सोडियम 149, पॅराथायरॉइड हार्मोन (गळ्यातल्या ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं) अगदी तळाला, ड जीवनसत्त्व 150 च्या वर. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि दिवसाला तीन लिटर सलाईन सुरू केलं. तुमचे मामा गेली तीन वर्षं डायलिसिसवर आहेत. त्यांना दिवसाला एक लिटरच पाणी चालतं, म्हणून ते म्हणतात की किडनीच्या पेशंटला कुणी एवढं पाणी देतं का, बंद करायला सांगा. आणि तुमचं म्हणणं, लघवी तर धो धो होतेय, मग किडनी चालूच आहे ना?

पहिलं उत्तर आधी देतो, कारण ते आज रात्रीच लागणार आहे. सलाईन बंद करायला सांगू नका. मामांचा सल्ला काळजीपोटीच आहे आणि त्यांच्या स्वतःच्या आजारात तो बरोबर आहे. आईचा आजार मात्र त्यांच्या उलट दिशेचा आहे. मामांच्या शरीरातून पाणी बाहेर पडत नाही. आईच्या शरीरात पाणी राहत नाही. दोघांच्याही रिपोर्टवर ‘क्रिएटिनिन वाढलं’ असंच लिहिलेलं असतं, म्हणून घोटाळा होतो.

किडनीच्या पेशंटमध्ये वीस-बावीस वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की वाटते. वाढलेल्या कॅल्शियमच्या पेशंटचं नुकसान कॅल्शियममुळे जेवढं होतं, त्याच्या बरोबरीनं कोरडेपणामुळे होतं. आणि हा कोरडेपणा नजरेतून सुटतो, कारण लघवीचं भांडं भरलेलं असतं. सगळे त्या भांड्याकडे बघून निश्चिंत होतात.

आता हे घडतं कसं, ते सांगतो. थोडं लांबण लागेल, पण एकदा समजलं की डॉक्टर काय करताहेत ते तुम्हाला आपोआप उलगडेल.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर जातं, बाकी सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. म्हणजे किडनीचं खरं काम गाळण्यापेक्षा परत घेण्यात जास्त आहे. कॅल्शियमचंही तसंच. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम गाळलं जातं आणि लघवीत शेवटी 100 ते 200 मिलिग्रॅमच उतरतं.

पाणी परत ओढायचं तंत्र मी पेशंटच्या नातेवाइकांना कैरीच्या लोणच्यावरून समजावतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. मीठ पाण्याला ओढतं, एवढंच. किडनीचा आतला गाभा असाच खारट असतो, रक्ताच्या जवळजवळ चौपट. लघवीच्या बारीक नळ्या या खारट गाभ्यातून खाली उतरतात आणि जाता जाता त्यांच्यातलं पाणी गाभ्यात ओढलं जातं. म्हणून सकाळची पहिली लघवी दाट, पिवळीधमक असते. पण हे व्हायला दोन गोष्टी लागतात. गाभा खारट राहायला हवा, म्हणजे तिथे मीठ भरणारा पंप चालू हवा. आणि नळीच्या भिंतीत पाणी जायला दारं उघडी हवीत. ही दारं मेंदूतून येणाऱ्या एका हार्मोनच्या हुकमानं उघडतात.

वाढलेलं कॅल्शियम या दोन्ही ठिकाणी आड येतं. नळीच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा एक संवेदक बसलेला असतो. 1993 मध्ये बोस्टनमध्ये एडवर्ड ब्राऊन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटानं गाईच्या पॅराथायरॉइड ग्रंथीतून तो शोधून काढला, आणि तोच संवेदक किडनीतही सापडला. रक्तात कॅल्शियम वाढलं की हा संवेदक मीठ भरणारा पंप मंद करतो. गाभ्याचा खारटपणा उतरतो. दुसरीकडे पाण्याची दारंही कमी उघडतात. मेंदू हार्मोन पाठवत राहतो, ‘पाणी राख, पाणी राख’, पण नळी ऐकत नाही. लघवी पाण्यासारखी पांढरी आणि भरपूर होते, दिवसाला तीन-चार लिटरही.

यातली एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. सूज आलेल्या पेशंटला आपण फ्युरोसेमाइड देतो, ती लघवी व्हायची गोळी. ती नेमका हाच पंप बंद करते. म्हणजे आईची अवस्था, दोन महिने कुणीतरी न सांगता रोज लघवीची गोळी देत राहावं, तशी आहे. पाण्याबरोबर मीठही गेलं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही गेलं असणार. त्यांच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 3.2 दिसतंय, ते त्यातूनच.

शरीर तहान लावून पाणी भरून काढायचा प्रयत्न करतं. उशाशी तांब्या लागतो, तोही रात्रीत रिकामा होतो. तरुण माणूस यावर बरेच दिवस निभावून नेतो. पण कॅल्शियम आणखी चढलं की मळमळ सुरू होते, घास नकोसा होतो, पोट गच्च होतं, डोकं जड होतं. मग पाणी पिणं कमी होतं आणि लघवीतून जायचं ते जातच राहतं. साठीच्या पुढच्या माणसाला तशीही तहान कमी लागते. आईचं सोडियम 149 आहे ते याचंच चिन्ह. सोडियम वाढलं म्हणजे मीठ जास्त खाल्लं असं नव्हे, पाणी कमी पडलं असं वाचायचं. तुम्ही लिहिलंय की दिवाळीत वजन 58 होतं आणि दाखल करताना 53 भरलं. यातले काही किलो न जेवल्यामुळे गेले असतील, पण बरंचसं पाणी आहे.

इथून चक्र सुरू होतं, आणि मला सर्वांत जास्त भीती याच टप्प्याची वाटते. शरीर कोरडं पडलं की किडनी घाबरते आणि नळीच्या पहिल्याच वळणावर मीठ अन् पाणी जमेल तेवढं परत ओढायला लागते. पण त्या वळणावर कॅल्शियम मिठाच्या मागोमाग जातं. मीठ परत आलं की कॅल्शियमही परत आलं. म्हणजे जी किडनी कॅल्शियम बाहेर टाकणार, तीच आता ते साठवायला लागते. कॅल्शियम चढलं, लघवी वाढली, शरीर कोरडं झालं, कॅल्शियम आणखी चढलं. त्यातच कॅल्शियम किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आकसवतं. रक्तच कमी पोचलं तर गाळणं कमी होणार, आणि क्रिएटिनिन 0.9 चं 2.7 होणार.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. लघवी किती होते यावरून किडनी किती गाळते ते कळत नाही. आईची किडनी आधीपेक्षा बरंच कमी गाळतेय, पण जेवढं गाळतेय त्यातलं पाणी परत घेऊ शकत नाही. भांडं भरतं ते या गमावलेल्या पाण्यानं.

मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची एक रात्र मी विसरलेलो नाही. साठीचे एक शेतकरी, क्रिएटिनिन 3 च्या वर, गुंगीत. मी कागद बघितला, किडनीचा पेशंट म्हणून पाणी दिवसाला एक लिटर असं लिहून टाकलं. रात्री दोन वाजता वॉर्डातल्या सिस्टरनी मला बोलावून खाटेखालचं प्लास्टिकचं भांडं दाखवलं. रेघांपर्यंत भरलेलं, आणि आतली लघवी एवढी स्वच्छ की भांड्यावरचे पलीकडच्या बाजूचे आकडे त्यातून वाचता येत होते. ‘डॉक्टर, तोंडाला कोरड पडलीय, जीभ टाळ्याला चिकटतेय, आणि लघवी ही अशी. यांना पाणी कमी का?’ असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या जिभेला बोट लावलं, ती सुकलेल्या पानासारखी खरखरीत होती. कॅल्शियम तपासलेलंच नव्हतं. सकाळी आलं ते 15 च्या घरात. त्या सिस्टरनी विचारलं नसतं तर माझ्या हातून त्या माणसाचं काय झालं असतं, ते मी आजही नव्या मुलांना सांगतो.

बीपीवरून तुमची फसगत होऊ शकते, म्हणून तेही सांगतो. जुलाबानं कोरड्या पडलेल्या माणसाचं बीपी उतरतं. कॅल्शियम मात्र रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे आतून कोरडा माणूसही 150/90 दाखवतो, आईचं आहे तसंच. बीपी चांगलं आहे म्हणजे पाणी पुरेसं आहे असं या आजारात धरता येत नाही. जीभ, काखेतला ओलावा, गळ्यातली शीर आणि रोजचं वजन, यांवर माझा भरवसा जास्त.

आता सलाईनकडे. साधं सलाईन म्हणजे लिटरमागे 9 ग्रॅम मीठ. ते दोन कामं करतं. रिकामी झालेली रक्तवाहिन्यांमधली जागा भरतं, त्यामुळे किडनीला रक्त पोचतं. आणि मीठ पुरेसं पोचलं की किडनी पहिल्या वळणावरची ती घाईची ओढाताण थांबवते, मग कॅल्शियम लघवीतून वाहून जायला लागतं. चक्र उलटं फिरतं. कोरडेपणा जास्त असेल तर सुरुवातीला तासाला 200 ते 300 मिलीपर्यंत वेग ठेवतात आणि पुढे तासाला 100 ते 150 मिली लघवी होत राहील असा जुळवतात. वय जास्त असेल, हृदय कमकुवत असेल, किंवा लघवीच कमी होत असेल तर वेग बराच कमी. आईला दिवसाला तीन लिटर दिलंय, म्हणजे डॉक्टर सांभाळूनच चाललेत. सोडियम 149 असल्यामुळे नुसत्या सलाईननं भागणार नाही. त्या शुद्धीवर असतील आणि नीट गिळत असतील तर तोंडानं साधं पाणी थोडं थोडं चालू ठेवायला हवं, किंवा पुढच्या बाटल्या कमी मिठाच्या लागतील. हे राउंडच्या वेळी जरूर विचारा.

मामांच्या भीतीत एक खरी गोष्ट आहे, तीही सोडायला नको. सलाईन मर्यादेबाहेर गेलं तर फुप्फुसात पाणी भरतं. आडवं पडल्यावर दम लागणं, खोकला, पायावर सूज, ऑक्सिजन उतरणं, यातलं काही दिसलं तर लगेच सिस्टरना सांगा. तेव्हा फ्युरोसेमाइड देतात, आणि तेव्हाच द्यायचं असतं. आम्ही शिकत होतो त्या काळी वाढलेल्या कॅल्शियमला सलाईन आणि फ्युरोसेमाइड एकदमच सुरू करायची पद्धत होती. ती आता मागे पडली, आणि पडायलाच हवी होती. जो पंप कॅल्शियमनं आधीच बंद पाडलाय तोच कोरड्या माणसात औषधानं आणखी बंद करण्यात काही अर्थ नाही.

सलाईननं कॅल्शियम दिवस-दोन दिवसांत एक-दोन अंकांनी उतरतं. 14 वरून सामान्य पातळीला, म्हणजे 10.5 च्या आत, एकट्या सलाईननं सहसा येत नाही. म्हणून इतर औषधं जोडतात. कॅल्सिटोनिनचं इंजेक्शन चार-सहा तासांत काम दाखवतं, पण दोन दिवसांत त्याचा असर ओसरतो. झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधं हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवतात, त्यांना दोन ते चार दिवस लागतात, आणि ती किडनीवर भार टाकू शकतात. म्हणून आधी पाणी भरायचं, क्रिएटिनिन थोडं उतरू द्यायचं, मग ती द्यायची किंवा नाही ते ठरवायचं. ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेत स्टेरॉइड फार उपयोगी पडतं. प्रेडनिसोलोन दिवसाला 20 ते 40 मिलिग्रॅम अशा मात्रेत, काही आठवडे. ते आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं कमी करतं. साखर वाढेल, त्यावर लक्ष ठेवतील. आईच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहिलंय हे वाचून तुम्ही दचकलात, पण या आजारात ते नेमकं औषध आहे.

डायलिसिस? लघवी होत असेल, शुद्ध असेल, कॅल्शियम रोज खाली येत असेल तर बहुतेक लागत नाही. कॅल्शियम फारच वर असेल, लघवीच बंद पडली असेल, किंवा हृदयामुळे सलाईन देताच येत नसेल, तर कमी कॅल्शियमच्या द्रावणावर एक-दोनदा डायलिसिस करून कॅल्शियम झटकन उतरवतात. ते त्या वेळेपुरतं असतं. मामांसारखं कायमचं नाही.

आता मूळ कारण. पॅराथायरॉइड हार्मोन तळाला आहे याचा अर्थ गळ्यातल्या ग्रंथी शहाण्यासारख्या वागताहेत. कॅल्शियम भरपूर आहे हे ओळखून त्या गप्प बसल्यात. म्हणजे कॅल्शियम बाहेरून आलंय किंवा दुसऱ्या आजारातून. आणि ड जीवनसत्त्व 150 च्या वर, म्हणजे दिशा स्पष्ट आहे.

जरा हिशेब करून बघा. त्या इंजेक्शनच्या एका बाटलीत 6,00,000 युनिट असतात. आईच्या वयाच्या माणसाची रोजची गरज 600 युनिटच्या आसपास. म्हणजे एक इंजेक्शन 1000 दिवसांचं, जवळजवळ पावणेतीन वर्षांचं. चार इंजेक्शनं म्हणजे अकरा वर्षांची गरज पाच महिन्यांत टोचली. ब जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीतून निघून जातं, तसं ड जात नाही. ते चरबीत साठतं आणि महिनोन्महिने हळूहळू रक्तात झिरपत राहतं. म्हणून आज कॅल्शियम उतरलं आणि घरी सोडलं, तरी पंधरा दिवसांनी ते पुन्हा चढू शकतं. मी अशा पेशंटना पहिले दोन महिने तरी दर आठवड्या-पंधरवड्याला तपासणी करायला लावतो.

गुडघा दुखला, पाठ दुखली, थकवा आला, की ड जीवनसत्त्व द्यायचं, ही आपल्याकडची सवय झाली आहे. कमतरता खरीच खूप आहे आणि ती भरून काढायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार मोजणी न ठेवण्याबद्दल आहे. एक इंजेक्शन गावातल्या दवाखान्यात, एक तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे, एक मुलीकडे पुण्याला गेल्यावर, आणि यातल्या कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. आठवड्याला एक घ्यायची 60,000 युनिटची पुडी रोज दुधातून घेणारे तर मला दर वर्षी भेटतात. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलेलं असतं. आजी ते वाचणार कशा?

आणि चुना. हे विचारायला मी कधीही विसरत नाही, तुम्हीही आईला विचारा. ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून घ्या, हाडं पोलादी होतील’ असा निरोप मोबाइलवर फिरत असतो, आणि गुडघेदुखीची माणसं तो मनोभावे पाळतात. शिवाय पानाला, तंबाखूला लागतो तो वेगळाच. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि तोही अल्कलीसकट, म्हणजे आम्ल मारणाऱ्या पदार्थासकट. कॅल्शियम आणि अल्कली एकत्र पोटात गेली की किडनी कॅल्शियम टाकायला आणखी कचरते. 1915 मध्ये अमेरिकेत सिप्पी नावाच्या डॉक्टरांनी अल्सरसाठी तासातासाला दूध आणि अल्कलीची पूड द्यायचा उपचार काढला होता. त्यातून कॅल्शियम वाढून किडनी बिघडलेले पेशंट पुढे इतके दिसले की त्या आजाराला दूध-अल्कलीचंच नाव पडलं. आज दूध-पुडीची जागा कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्यांनी घेतली आहे. तैवानमध्ये सुपारीबरोबर शिंपल्यांचा चुना खाणाऱ्यांमध्ये हाच आजार नोंदला गेला आहे, तेव्हा आपल्या पानाच्या डब्याकडेही त्याच नजरेनं बघायला हवं.

आईच्या औषधांमध्ये तुम्ही बीपीची गोळी लिहिलीय, नावाच्या शेवटी ‘एच’ आहे. त्या ‘एच’चा अर्थ बहुतेक हायड्रोक्लोरोथायाझाइड. ही लघवीची गोळी फ्युरोसेमाइडच्या उलट वागते, कॅल्शियम शरीरात रोखून धरते. मुतखड्याच्या काही पेशंटना आम्ही ती मुद्दाम देतो, पण आईला ती आत्ता नकोच. त्याच गोळीतला दुसरा घटक किडनीतला दाब कमी करतो, कोरड्या शरीरात तोही क्रिएटिनिन चढवतो. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्याही बंद. हे सगळं दाखल असतानाच डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्या, घरी मनानं गोळ्या बदलू नका.

कारण उघड दिसत असलं तरी डॉक्टर इतर तपासण्याही करतील, त्याला आडकाठी करू नका. साठीनंतर वाढलेलं कॅल्शियम, पाठदुखी, किडनीवर परिणाम आणि रक्त कमी असं एकत्र दिसलं तर मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग, नाही ना हे बघावंच लागतं. छातीचा फोटोही काढतील. क्षयरोगात आणि सार्कॉइड नावाच्या आजारात गाठींमधल्या पेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाचं जहाल रूप तयार करतात. तशा माणसाला वरून इंजेक्शन दिलं की कॅल्शियम भडकतं. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी ऐकू येतो, म्हणून हे डोक्यात ठेवावंच लागतं.

पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं निघालं असतं तर गोष्ट निराळी झाली असती. तिथे बहुतेक वेळा ग्रंथीत गाठ असते आणि शस्त्रक्रियेनं माणूस बरा होतो. या आजाराच्या इतिहासात चार्ल्स मार्टेल नावाच्या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाची नोंद आहे. त्यांच्या गळ्यावर एकामागून एक सहा शस्त्रक्रिया झाल्या, गाठ सापडली नाही. 1932 मध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली. पण तोवर किडन्या खड्यांनी इतक्या खराब झाल्या होत्या की त्याच वर्षी, खड्यावरच्या उपचारानंतर ते गेले. कॅल्शियम वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर ते किडनीच्या मांसात बसतं, खडे होतात, व्रण पडतात, आणि तो भाग परत येत नाही.

आईच्या बाबतीत मी आशावादी आहे, आणि त्याला कारण आहे. वर सांगितलेल्या बिघाडांपैकी धमन्यांचं आकसणं, पंप मंदावणं, दारं बंद होणं आणि कोरडेपणा हे चारही माघारी फिरणारे आहेत. दोन महिन्यांची गोष्ट आहे, सोनोग्राफीत किडन्यांचा आकार चांगला आहे, आणि गाभ्यात कॅल्शियम साचल्याची नोंद नाही. कॅल्शियम खाली येईल तसं क्रिएटिनिन काही दिवसांत उतरायला लागेल. ते 0.9 वर येईल की 1.2 ला थबकेल ते महिन्या-दोन महिन्यांनीच कळेल. डोकंही ताळ्यावर येतं, पण कॅल्शियमच्या मागून, दोन-चार दिवस उशिरानं. लघवी मात्र लगेच कमी होणार नाही. किडनीचा गाभा पुन्हा खारट व्हायला वेळ लागतो, तेव्हा कॅल्शियम 10 वर आल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे, पाण्यासारखी लघवी होत राहते. त्या काळात ‘आता बरं झालं’ म्हणून पाणी कमी करू नका.

घरी आणल्यावर पाण्याचा सोपा हिशेब हा. चोवीस तासांत जेवढी लघवी झाली, तेवढं पाणी आणि वर अर्धा ते पाऊण लिटर. पहिला आठवडा लघवी मोजून वहीत लिहा, सकाळी पोट साफ झाल्यावर त्याच काट्यावर, तशाच कपड्यात वजन. वजन दोन दिवसांत किलोभर उतरलं तर पाणी कमी पडतंय. तेवढंच चढलं आणि पायावर बोट दाबून खळगा पडला तर जास्त होतंय. तुमच्याकडे सोलापूरला मार्च-एप्रिलचं ऊन सुरू झालं की घामाचं वेगळं धरा.

खाण्यात, ड जीवनसत्त्व उतरेपर्यंत दूध, दही, पनीर बेतानं, नाचणीचं सत्त्व आणि आंबील बंद. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि अशक्तपणा आला म्हणून घरोघरी तेच सुरू करतात. तिळाचे लाडू नकोत. कॅल्शियमची गोळी, ड जीवनसत्त्व घातलेली ‘टॉनिकं’ आणि प्रोटीनच्या पावडरी सगळ्या बंद. पोट साफ व्हायला इसबगोल चालेल, पण भरपूर पाण्याबरोबर. आणि त्यांना अंथरुणात पडून राहू देऊ नका. पडून राहिलं की हाडांतून कॅल्शियम सुटतं. धरून का होईना, खोलीतल्या खोलीत दिवसातून चार वेळा चालवा.

उपचारांच्या उलट्या टोकाकडेही लक्ष हवं. स्टेरॉइड आणि हाडांचं औषध दोन्ही लागू पडली तर कॅल्शियम कधी कधी गरजेपेक्षा खाली जातं. ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊन आखडली, तर त्याच दिवशी तपासून घ्या.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी. एकूण कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन, म्हणजे कॅल्शियम ज्याला चिकटून राहतं ते रक्तातलं प्रथिन, बघायचं. आईचं 3.4 आहे, म्हणून 4 पेक्षा कमी पडणाऱ्या प्रत्येक अंकामागे 0.8 मिळवायचं. त्यांचं खरं कॅल्शियम 14.6 च्या जवळ जातं. लॅबमध्ये आयनाइज्ड, म्हणजे कशाला न चिकटलेलं मोकळं, कॅल्शियम होत असेल तर तेच सर्वांत चांगलं. आणि तुमचे भाऊ लंडनहून विचारतात की तिथले डॉक्टर 3.5 म्हणजे काय म्हणतात, तर तिथे मोजमाप वेगळं आहे. त्याला 4 नं गुणा, आपला आकडा मिळेल. 3.5 म्हणजे 14. आकडा लहान दिसला म्हणून त्यांनी निर्धास्त होऊ नये.

आज घरी गेलात की एक काम करा. आईचा औषधांचा डबा, देवघराशेजारचं कपाट, उशाखालची पिशवी, पर्स, सगळीकडे बघा. मिळतील तेवढ्या पट्ट्या, पुड्या, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, चुन्याची डबी, आणि गावातल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत भरा आणि उद्या राउंडला ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. आईला रागवू नका. त्यांनी गुडघ्यासाठी, डॉक्टरांवर विश्वास ठेवूनच हे घेतलंय. परवाचं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि सोडियम आलं की इथेच कळवा, सोबत चोवीस तासांची लघवी आणि वजनही लिहा.